इंडोनेशियाच्या आडगावात घर: नगारी, गोलो की बंजार?

आपल्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात. बालीतही जमिनीचा हिशेब आरमध्येच चालतो आणि भाव सांगतात तो 'दर आर, दर वर्ष' असा. यातलं 'दर वर्ष' पहिल्यांदा कानावरून निसटतंच. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, हे गणित पटकन जमणारा पुणेकर भाव ऐकून हरखतो, एवढ्यात मुळशीत कुंपणसुद्धा होत नाही म्हणतो. मग कळतं की हा भाव विकतचा नाही, एका वर्षाच्या भाड्याचा आहे. वर पंचवीस वर्षांचं भाडं बहुतेक एकरकमी मोजायचं असतं.

'विकत' हा शब्द इथेच सोडून द्यावा. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त त्या देशाच्या नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाकडे ती फिरवण्याचा व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो आणि जमीन सरकारजमा होते. यावर रागावायचं कारण नाही. महाराष्ट्रातही शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि हे लोक तर स्वतःच्या नागरिकांनाही सूट देत नाहीत: शेतजमिनीच्या मालकाने त्याच तालुक्यात राहावं, असा १९६१ पासूनचा नियम आहे.

तरी कोणीतरी भेटतोच. गावातल्या भल्या माणसाच्या नावावर जमीन घेऊ, तुमच्यासाठी वेगळा करार करू, इथे सगळे असंच करतात, असं सांगतो. करतात हे खरं. पण पैसा कुणाचाही असो, दाखल्यावर ज्याचं नाव तोच मालक, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. तो भला माणूस उद्या वारला, तर त्याच्या मुलांना तुमचं तोंड ओळखायचंही बंधन नाही.

कायदेशीर वाटा तीन. पहिली 'हाक पाकाय', म्हणजे वापराचा हक्क: ३० वर्षं, वाढवून २०, नव्याने ३०. ऐकायला छान, पण त्यासाठी प्रांतागणिक ठरलेल्या किमान किमतीच्या वरचंच घर घ्यावं लागतं. ती किंमत शहरातले बंगले डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली आहे, आडगावात तेवढ्या किमतीचं घरच नसतं. दुसरी वाट परदेशी गुंतवणुकीची कंपनी काढायची. तिच्या गुंतवणुकीचा आराखडा १० अब्ज रुपियांच्या वर दाखवावा लागतो. एका रुपयाला साधारण १८०-१९० रुपिया धरले तरी पाच कोटींच्या पुढे. चार खोल्यांच्या घरासाठी कोण करणार हे? उरतो 'सेवा', म्हणजे भाडेपट्टा. (शब्द आपल्या ओळखीचा, अर्थ मात्र वेगळा.) म्हणजे निवड मालकीच्या प्रकारांत नाहीच. कोणत्या गावात कोणाचा भाडेकरू होऊन राहायचं, एवढाच प्रश्न आहे. त्यासाठी तीन प्रदेश शेजारी-शेजारी ठेवून बघतो: पश्चिम सुमात्रातली नगारी, फ्लोरेस बेटाच्या मांगाराई भागातलं डोंगरी गाव आणि उत्तर बालीचे डोंगर.

नगारी: जिथे जमीन आईची

पश्चिम सुमात्रात गावाला नगारी म्हणतात. इथले मिनांगकाबाऊ लोक नेमाने नमाज पढणारे मुसलमान, पण घर आणि वडिलोपार्जित शेत आईकडून मुलीकडे जातं. नवरा बायकोच्या घरात पाहुण्यासारखा. कुळाचा कारभार बघतो तो 'मामाक', म्हणजे आईचा भाऊ. शब्दांचं नातं असो-नसो, आपल्या कानाला तो मामाच वाटतो, आणि त्याचा वट पाहिला की आपले मामा फारच साधे निघाले असं वाटतं.

कुळाच्या जुन्या जमिनीला 'हार्ता पुसाका तिंगी' म्हणतात. ती विकायची नाही, आणि गहाण ठेवायची तरी चारच कारणांसाठी: घरात प्रेत आहे आणि अंत्यविधीला पैसा नाही, मुलगी मोठी झालीय आणि लग्न रखडलंय, रुमाह गादांग, म्हणजे शिंगांसारख्या टोकदार छपराचं कुळाचं मोठं घर, गळतंय, किंवा 'बुडालेलं खोड वर काढायचंय', म्हणजे कुळाच्या प्रमुखाची रिकामी राहिलेली मानाची जागा पुन्हा भरायची आहे. तुमचं स्वप्नातलं घर या यादीत नाही.

गोव्यातली कोमुनिदाद माहीत असलेल्याला याचा अंदाज लगेच येईल. जमीन गावाची किंवा कुळाची, कसणारा आज हा, उद्या तो. मिनांग माणूस वर 'मरांताऊ' करतो, म्हणजे तरुणपणी गाव सोडून नशीब काढायला बाहेर पडतो. देशभर दिसणारी पादांग खानावळ ही त्याचीच देणगी. पण तुमच्या भाडेपट्ट्यावर कुळातल्या सगळ्यांची संमती हवी असते आणि त्यातले दोघे जकार्तात, एक मलेशियात. त्यांना न विचारता केलेल्या पट्ट्यावर दहा वर्षांनी एखादा भाचा हरकत घेऊन उभा राहतो, आणि गावाच्या नजरेत बरोबर तोच असतो.

म्हणून इथे किमतीच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: जमीन 'तिंगी' की 'रेंदाह'? रेंदाह म्हणजे कोणीतरी स्वतः कमावलेली. तिचा पट्टा होऊ शकतो. तीही दोन-तीन पिढ्यांत कुळाची होऊन बसते, त्यामुळे कोणी कमावली आणि त्याच्या माघारी किती वाटण्या झाल्या, हेही विचारायचं.

राहायला? निसर्ग डोळे दिपवणारा, मुलींच्या शिक्षणाची परंपरा जुनी, चहा-कॉफीच्या 'लापाऊ'वर संध्याकाळी जगाचं राजकारण. पण मारापी हा जागता ज्वालामुखी आहे. डिसेंबर २०२३ च्या उद्रेकात त्याने गिर्यारोहकांचे बळी घेतले, आणि मे २०२४ मध्ये त्याच्या उतारावरची राख-दगड पावसात वाहून आले नि पायथ्याची गावं बुडाली. झऱ्याकाठची सपाट, स्वस्त जागा इथे सपाट का आहे, याचं उत्तर डोंगराकडे बघून मिळतं.

गोलो: बोटांनी मोजलेलं शेत

फ्लोरेसच्या पश्चिमेला मांगाराई. इथलं टेकडीवरचं गाव म्हणजे 'गोलो'. रुतेंगजवळ चांचारला टेकडीवरून खाली बघितलं की शेतं कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात. तो देखावा म्हणून आखलेला नाही, ते वाटपाचं गणित आहे. सामाईक रानाला 'लिंगको' म्हणतात. त्याच्या मध्यभागी खुंट रोवतात आणि 'तुआ तेनो' हा जमिनीचा मानकरी तिथे बोटांच्या मापाने प्रत्येक घराचा वाटा धरतो. मध्यात एक-दोन बोटांचा असलेला वाटा कडेपर्यंत जाता-जाता लांबट त्रिकोणी शेत होतो. ज्याच्या पदरी बोटं जास्त, त्याचं शेत रुंद. आमच्याकडे भाऊबंदकीत बांधावरून डोकी फुटतात. इथे निदान सुरुवात तरी बोटभर जागेवरून होते.

बाहेरच्या माणसाने जमीन मागायची रीतही आहे: 'कापु मानुक, लेले तुआक'. हातात कोंबडा, काखेत ताडी घेऊन गावच्या मानकऱ्यांकडे जायचं. मग 'लोंतो लेओक', म्हणजे गोल बसून चर्चा. होकार मिळाला तर तुम्ही जमिनीबरोबर गावातही शिरता. 'पेंती' या वर्षसणाला यायचं, कोणाच्या घरी मयत झालं तर वर्गणी द्यायची, भांडणात बोलायचं आणि गप्पही बसायचं. पैसे देऊन मोकळं होणाऱ्याला हा व्यवहार परवडत नाही.

तो तोंडी शब्द जिवंत आहे तोवर पक्का, पण कागदावर त्याचं स्थान डळमळीत. सरकारची सरसकट जमीननोंदणीची मोहीम चालू आहे आणि जुन्या करपावत्या किंवा रूढीच्या दाखल्यांना मालकीचा पुरावा मानण्याची मुदत २०२१ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. शिवाय लाबुआन बाजो पर्यटनाचं केंद्र झाल्यापासून किनाऱ्याकडे एकच जमीन दोघांना विकल्याची भांडणं होतात. माझं मत: किनारा टाळा. आत रुतेंगच्या बाजूला जा आणि बांधकामाच्या फंदात न पडता आहे ते घर भाड्याने घ्या.

'दुर्गम' या शब्दाचा अर्थ खऱ्या अर्थाने कळतो तो इथेच. लाबुआन बाजोहून रुतेंग चारेक तासांचं वळणावळणाचं अंतर. वाए रेबो हे सात शंकूघरांचं प्रसिद्ध गाव तर गाडीरस्ता संपल्यावर तासन्‌तास चढून गाठायचं. फ्लोरेसमध्ये १९९७ पासून रेबीज आहे, कुत्री मोकळी असतात, त्यामुळे लस घेऊनच जावं. जवळच्या 'पुस्केसमास'मध्ये (आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखं) सीरम आहे का, हे घरभाड्याच्या आधी विचारावं. हृदयविकार किंवा डायलिसिस असलेल्याने हा पर्याय इथेच सोडून द्यावा.

बंजार: ओळखीचा वाटणारा परका

बालीचं उत्तर, बुलेलेंगकडचे कॉफी-लवंगांचे डोंगर. दक्षिणेच्या गर्दीपेक्षा स्वस्त, रस्ते बरे, भाडेपट्ट्याचा सराव असलेले नोटरी मुबलक. कागदाच्या बाजूने तिन्हींत सर्वांत सोपं हेच.

मराठी माणूस मात्र इथे दुसऱ्याच गोष्टीने फसतो: हिंदू आहेत, म्हणजे आपलेच. त्यांच्या देवळात आपली मूर्ती शोधू नये आणि सणाच्या ताटात डुकराचं मांस असतं, हे आधीच पचवावं. सरकारी गावाशिवाय इथे 'देसा आदात' हे रूढीचं गाव असतं, त्याचे नियम 'आविग-आविग', त्याच्या वस्त्या म्हणजे बंजार. २०१९ च्या प्रांतिक कायद्यात माणसांचे तीन प्रकार केले आहेत: गावचे सदस्य, बाहेरून आलेले बालीनीज हिंदू, आणि 'तामिउ', म्हणजे बाकी सगळे पाहुणे. तुम्ही कितीही एकादश्या केल्यात तरी तिसऱ्यातच. वर्गणी येईल, 'न्येपी' या मौनाच्या सणाला अख्खा दिवस दिवे बंद ठेवून घरात बसावं लागेल, मत मात्र नसेल. सोयीचं म्हणाल तर हेच सोयीचं आहे: अपेक्षा कमी आणि लिहिलेल्या.

भातखाचराशेजारी जागा घेत असाल, तर पाण्याचा कारभार 'सुबाक' या शेतकऱ्यांच्या मंडळाकडे असतो. तुमच्या कुंपणाने पाट अडला, तर वकील कामाचा नाही. भातजमिनीवर बांधकामाला बंदी असलेला पट्टा कोणता, हे जिल्ह्याच्या नकाशावर स्वतः बघा, दलालाच्या फोनवर नको.

ताट, घड्याळ आणि व्हिसा

शाकाहाऱ्याचा प्रश्न तिन्हीकडे सारखाच अवघड. तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू मिळतं, पण चटणीत सुकी मासळी किंवा कोळंबीचं वाटण लपलेलं असतं. नगारीतली नारळाच्या रसातली फणसाची भाजी कोकणी माणसाला रडवेल, पण रस्सा कशाच्या भांड्यातला आहे हे विचारायचं नाही. मांगाराईत मका, रताळी, कसावा आणि पाहुण्यासाठी कापलेला कोंबडा. तो नाकारायचा असेल तर आल्या दिवशीच सांगून ठेवावं, पानावर बसल्यावर नव्हे.

भारतातल्या ऑफिसचं काम करणाऱ्याला सुमात्रा दीड तास पुढे, बाली आणि फ्लोरेस अडीच तास पुढे. सकाळी शेतावर फिरून मग कामाला बसता येतं. मे २०२४ पासून उपग्रहाचं इंटरनेटही अधिकृतपणे मिळतं. वीज गेल्यावर ते कशावर चालणार, तेवढं बघा. दूरस्थ काम करणाऱ्यांच्या वर्षभराच्या व्हिसाला वर्षाला ६०,००० डॉलरची मिळकत दाखवावी लागते, ती बहुतेकांकडे नसते. विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, एकदा ३० दिवस वाढणारा. १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तिथला कर लागू होतो. भारतातून पैसे नेण्याची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, पट्ट्याच्या रकमेला ती पुरून उरते.

मग कोणी कुठे जावं

कागद पक्का हवा, शेजाऱ्यांशी नमस्कारापुरतंच नातं हवं आणि साठीच्या आसपास आहात, तर उत्तर बाली, आणि पट्टा २० वर्षांचाच घ्या, वाढीचा दर आजच लिहून. मालक बदलला किंवा वारला तरी पट्टा टिकेल, हे कायदा म्हणतोच, तरी वारसांच्या सह्या आत्ताच घ्या. भाड्यावरचा १० टक्के कर कोण भरणार, तेही लिहा. नाहीतर तो तुमच्या गळ्यात येतो.

तब्येत ठणठणीत, वेळ मुबलक, भाषा शिकायची तयारी आहे आणि गावकीच्या कटकटीतच ज्याला मजा येते, त्याने मांगाराई. तिथे पैसा जमिनीत नको, माणसांत घाला. नगारी मी फक्त दोघांना सुचवेन: लग्नाने तिथल्या कुळात गेलेल्याला, आणि वर्षभर एखाद्या घराची खोली भाड्याने घेऊन लिहायला-वाचायला बसणाऱ्याला. तिथे जमीन शोधत फिरणं म्हणजे दुसऱ्याच्या आजीचे दागिने विकत मागण्यासारखं आहे.

ठरवण्याआधी जानेवारीत महिनाभर जाऊन राहा, पावसात. वेशीवर बहुधा पाटी असेल: पाहुण्यांनी चोवीस तासांत वर्दी द्यावी. ती मनावर घ्या. वस्तीच्या प्रमुखाच्या, 'पाक आर-टे'च्या घरी पासपोर्टची झेरॉक्स आणि साखर-कॉफीचा पुडा घेऊन जा, आणि त्याने बसायला सांगितलं की घाई न करता बसा. ज्या जमिनीचा पट्टा घ्यायचाय तिच्या चारी बाजूंना कोण राहतं, ते तिथेच विचारा.