लाइव्ह टुर्नामेंट खेळावी की कॅश टेबलावर बसावं?

मित्रांच्या घरी पोकर खेळून हात बसला, ऑनलाइनही बऱ्यापैकी खेळून झालं, आता खऱ्या टेबलावर बसायचंय. समोर माणसं, हातात चिप्स. इथवर आलेला जवळपास प्रत्येक जण मला हेच विचारतो: सुरुवात टुर्नामेंटने करू की कॅश गेमने? मी दोन्ही खेळते, दोन्हीकडे मारही खाल्लाय, म्हणून उत्तर देण्याआधी मीच उलट विचारते: तुम्हाला पैसे जास्त जपायचेत की वेळ? टुर्नामेंटमध्ये जास्तीत जास्त किती जाणार हे दारातच कळतं, पण घरी कधी जाणार ते कळत नाही. कॅश टेबलावर नेमकं उलटं. उठायचं कधी ते तुमच्या हातात, पण किती गमवायचं त्याला तुम्ही स्वतः घातलेल्या मर्यादेशिवाय दुसरी मर्यादा नाही.

(पोकर म्हणजे इथे नो-लिमिट होल्डेम धरलंय: प्रत्येकाला दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच, आणि बोलीला वरची मर्यादा नाही. तुम्ही राहता तिथला कायदा काय म्हणतो, हे मात्र आधी बघून घ्या.)

पैसे

टुर्नामेंटची एंट्री एकदाच भरायची. तिचा मोठा भाग बक्षिसांच्या रकमेत जातो आणि साधारण दहा-पंधरा टक्के आयोजकांकडे. बदल्यात सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. पण त्या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत, मधेच त्या वटवता येत नाहीत. संध्याकाळी तुमच्यासमोर सुरुवातीच्या तिप्पट चिप्स आहेत आणि घरून तातडीचा फोन आला, तर तुम्ही उठाल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही.

कॅश टेबलावरची चिप म्हणजे तेवढेच पैसे. शंभर बिग ब्लाइंड (प्रत्येक डावात पत्ते बघण्याआधीच दोन खेळाडूंना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या दोन रकमा म्हणजे ब्लाइंड, त्यांतली मोठी ती बिग ब्लाइंड) घेऊन बसा, वाटलं तर तासाभरात उठा, उरलेल्या चिप्स खिडकीवर द्या, मोकळे. इथे क्लब आपला रेक, म्हणजे खेळ चालवण्याचा मोबदला, प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या रकमेतून) काढतो, ठरावीक टक्के आणि त्याला वरची मर्यादा, किंवा मग तासाप्रमाणे शुल्क. तो एका वेळी जाणवत नाही, पण छोट्या ब्लाइंडच्या टेबलावर नवख्याच्या पैशातला मोठा भाग त्यातच जातो. खरा धोका पुढे आहे. सगळ्या चिप्स गेल्या की खिशात हात घालायची मुभा असते, आणि गेलेले भरून काढायच्या नादात माणूस ठरवलं होतं त्याच्या तिप्पट पैसे घालवून बसतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की कॅशला पहिल्यांदा बसणाऱ्याला मी ठरवलेले पैसे खिशात आणि कार्ड घरी ठेवायला सांगते.

टुर्नामेंटला हा धोका नाही असं म्हणवत नाही, कारण आता बहुतेक ठिकाणी री-एंट्री असते. बाद झालात तर ठरावीक लेव्हलपर्यंत (लेव्हल म्हणजे ब्लाइंड वाढण्याआधीचा ठरावीक वेळेचा टप्पा) पुन्हा पैसे भरून बसता येतं. एका एंट्रीच्या तयारीने आलेला माणूस तीन भरून जातो. पहिल्यांदा जाणार असाल तर फ्रीझआउट शोधा. एकदा बाद म्हणजे बाद. मर्यादेचा फायदा तिथेच पुरेपूर मिळतो.

घड्याळ

लाइव्ह टुर्नामेंटचं खरं रूप इथे दिसतं. एक साधा हिशोब मांडते. सुरुवातीला २०,००० चिप्स, ब्लाइंड १०० आणि २००. म्हणजे तुमच्याकडे १०० बिग ब्लाइंड आहेत, ऐसपैस खेळता येतं. लेव्हल अर्ध्या तासाची. तीन तासांनी ब्लाइंड ५०० आणि १,००० वर पोचले असं धरा. या तीन तासांत जेवढं गेलं तेवढं मिळवून तुम्ही २०,००० टिकवून ठेवले असतील, तरी आता तुमच्याकडे फक्त २० बिग ब्लाइंड आहेत. काहीही न गमावता तुम्ही गरीब झालात. आणखी दोन तास तसेच गेले की पत्ते बघायचे आणि ऑल-इन (सगळ्या चिप्स लावायच्या) किंवा फोल्ड (पत्ते टाकायचे), एवढंच उरतं.

त्यात लाइव्ह टेबलाचा वेग. डीलर हाताने पिसतो, हाताने वाटतो, माणसं विचार करतात, चिप्स मोजतात. तासाला पंचवीस-तीस डाव होतात. दहा तास बसलात तर अडीचशे ते तीनशे. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. म्हणजे अख्ख्या दिवसात एकदा, आली तर. ऑनलाइन चार टेबलं उघडून खेळणाऱ्याला हा संथपणा असह्य होतो. चौथ्या-पाचव्या तासाला तो कंटाळून एक्का-नऊवर पैसे घालतो आणि बाद होतो. हा कंटाळा मला पत्त्यांइतकाच मोठा शत्रू वाटतो. कॅशमध्ये तो आला की उठून चहा पिऊन येता येतं, ब्लाइंड वाढलेले नसतात. टुर्नामेंटमध्ये तुम्ही खुर्चीवर नसताना ब्लाइंड आणि अँटी (ब्लाइंडखेरीज सक्तीने भरायची रक्कम) तुमच्या चिप्समधून जातच राहतात.

म्हणून टुर्नामेंटची जाहिरात बघताना बक्षिसाच्या आकड्याआधी लेव्हल किती मिनिटांची आहे ते बघा. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या जगप्रसिद्ध स्पर्धामालिकेच्या मेन इव्हेंटला, म्हणजे मुख्य स्पर्धेला, लोक एवढं का मानतात? पैसा आहेच, पण तिथे ६०,००० चिप्स मिळतात आणि लेव्हल दोन-दोन तासांची असते. खेळायला खरोखर वाव मिळतो.

बबल

बक्षिसाच्या जागा साधारण दहा ते पंधरा टक्के. त्या जागांच्या अगदी तोंडाशी खेळ आला की त्याला बबल म्हणतात. कॅश गेममध्ये याच्यासारखं काहीच नाही, आणि हा अनुभव घ्यायचा असेल तर टुर्नामेंटशिवाय इलाज नाही.

बबलवर डाव ‘हँड फॉर हँड’ चालतो. सगळी टेबलं एकेक डाव खेळतात आणि बाकीची संपेपर्यंत थांबतात. दिवसभर चिप्सचा किणकिणाट असलेला हॉल एकदम शांत होतो. ज्यांच्याकडे दोन-तीन बिग ब्लाइंड उरलेत ते खुर्चीमागे उभे राहून दुसऱ्या टेबलाकडे मान उंचावून बघतात. कुठूनतरी ‘ऑल-इन अँड कॉल’ (एकाने सगळं लावलं, दुसऱ्याने ते स्वीकारलं) अशी हाक येते आणि निम्मा हॉल तिकडे धावतो.

अशाच एका बबलवर, नवव्या तासाला, मला राण्यांची जोडी आली. दोन जण बाद झाले की पैसे. माझ्याकडे मध्यम चिप्स, आणि टेबलावर सगळ्यात जास्त चिप्स असलेला खेळाडू माझ्याआधी ऑल-इन गेला. कॅश टेबलावर मी डोळ्याची पापणी लवायच्या आत कॉल केला असता. इथेही केला. त्याच्याकडे एक्का-राजा. राण्या या लढतीत शंभरात साधारण ५४-५७ वेळा जिंकतात. फ्लॉप (मधली पहिली तीन पानं) कोरडा, चौथं पान किलवर चौकी, आणि रिव्हरला, म्हणजे पाचव्या पानाला, बदामाचा राजा. डीलरने माझ्या चिप्स पलीकडे सरकवल्या आणि माझ्यासमोर नुसतं हिरवं कापड राहिलं. हातातोंडाशी आलेला घास गेला.

नशीब खराब होतं हे खरं, पण त्यानंतर बरेच दिवस विचार करून मी या मताला आले की तो कॉलच चुकला होता. माझ्यापेक्षा कमी चिप्सची चार माणसं हॉलमध्ये होती, दोघं तर पुढच्या फेरीत ब्लाइंडनेच संपणार होती. टुर्नामेंटमध्ये चिप्स दुप्पट झाल्या म्हणून तुमच्या बक्षिसाची अपेक्षा दुप्पट होत नाही, पण सगळ्या गेल्या की ती शून्य होते. या हिशोबाला खेळाडू आयसीएम म्हणतात. कॅशमध्ये याची गरज नसते, तिथे एक चिप म्हणजे एक चिप. कॅशमध्ये मुरलेला खेळाडू टुर्नामेंटमध्ये अडखळतो तो बहुतेक वेळा इथेच.

नशीब

२००३ साली ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेची एंट्री जिंकून देणाऱ्या छोट्या टुर्नामेंटमधून) मेन इव्हेंटला पोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. असं कॅश टेबलावर घडत नाही. छोट्या रकमेतून आयुष्य बदलणारी रक्कम, ही टुर्नामेंटची ओढ खरी आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पण शेजारी दुसरा आकडाही ठेवा. २०२४ च्या मेन इव्हेंटला १०,११२ एंट्र्या होत्या आणि बक्षिसं १,५१७ जणांना. म्हणजे शंभरातले ८५ जण रिकाम्या हाताने गेले, आणि बक्षीस मिळालेल्यांतल्या शेवटच्यांना १०,००० डॉलरच्या एंट्रीवर १५,००० मिळाले.

हे आपल्या बेताचं करून बघू. महिन्याला दोन, म्हणजे वर्षाला चोवीस टुर्नामेंट. सरासरी खेळाडू त्यांतल्या तीनेकदा बक्षिसात येईल, आणि त्यातही बहुतेकदा तळाच्या जागी, जिथे एंट्रीच्या दीड-दोन पट मिळतात. उरलेल्या वीसेक एंट्र्यांची रक्कम भरून यायला वरच्या तीनांत एकदा तरी यावं लागतं. चांगल्या खेळाडूचीही दोन-दोन वर्षं कोरडी जाऊ शकतात, त्यात त्याचा दोष असतोच असं नाही.

सगळं पणाला लावून पाच वेळा ऑल-इन गेलात आणि पाचही वेळा तुमची बाजू ८० टक्के वरचढ होती असं समजा. पाचही डाव जिंकण्याची शक्यता ३३ टक्के भरते. तीन वेळा असं खेळलात तर साधारण दोनदा तुम्ही बरोबर खेळूनही बाद. कॅशमध्ये त्या पाचांतला एक हरलात तर पुन्हा चिप्स घेता आणि बाकीच्या चारांचा फायदा पदरात पडतो. कसब लवकर दिसायला हवं असेल तर कॅश. लवकर म्हणजेही शेकडो तास, पण वर्षानुवर्षं तरी नाही.

उलट एक गोष्ट फक्त टुर्नामेंट देते. १९८२ च्या मेन इव्हेंटमध्ये जॅक स्ट्रॉसकडे एकच चिप उरली होती आणि तिथून उठून तो स्पर्धा जिंकला. एक चिप आणि एक खुर्ची असेपर्यंत तुम्ही स्पर्धेत असता. मी स्वतः तीन बिग ब्लाइंडवरून फायनल टेबलला पोचलेय, आणि त्या रात्रीसारखा आनंद मला कॅशच्या कुठल्याही पॉटने दिला नाही.

नियम आणि माणसं

नियम दोन्हीकडे बरेचसे सारखे, पण टुर्नामेंटला ते जास्त कडक पाळतात. तोंडातून निघालेला शब्द बांधील असतो. आणि हे लिहून ठेवा: समोर बोली असताना काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉल (बोलीची बरोबरी), रेज (बोली वाढवणं) नव्हे. पहिल्या टुर्नामेंटला मी राजांच्या जोडीवर वाढवायला म्हणून ५,००० ची एक चिप टाकली, तोंडाने काही म्हटलं नाही. डीलरने शांतपणे ‘कॉल’ म्हटलं आणि सुटे परत दिले. मागून तिघं स्वस्तात आत आले आणि तो पॉट गेला. तेव्हापासून मी आधी बोलते, मग हात उचलते.

माणसांचं म्हणाल तर कॅश टेबल गप्पिष्ट असतं, पण तिथे रोजचे पट्टीचे खेळाडू नवख्याची वाट बघत बसलेले असतात. टुर्नामेंटला हौशी मंडळी जास्त. टेबल मोडलं की नवीन खुर्ची, नवीन शेजारी, तासभर निरखलेला माणूस हातचा गेला.

मग काय निवडाल?

ठरावीक तीन तास मोकळे असतील, लहान मुलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळचं काम असेल आणि ठरवलेल्या रकमेवर उठायची सवय अंगी असेल, तर कॅश. उठायची सवय नसेल तर कॅशला बसूच नका, कितीही चांगलं खेळत असलात तरी. अशांना मी टुर्नामेंटच सांगते, तीही फ्रीझआउट. आणि ज्यांना पहिल्यांदाच लाइव्ह बसायचंय त्यांनाही तेच. पैसे आधीच गेलेत असं मानून दिवसभर शिकता येतं, चिप्स हाताळायची सवय होते, आणि एवढ्या कमी पैशात इतके तास कॅश टेबलावर मिळणं कठीण.

नाव घालण्याआधी खिडकीवर चार गोष्टी विचारा: लेव्हल किती मिनिटांची, सुरुवातीला किती बिग ब्लाइंड मिळतात, आयोजकांचा वाटा किती, जेवणाची सुट्टी कधी. लेव्हल वीस मिनिटांपेक्षा कमी असेल तर पैसे परत खिशात घाला आणि पुढच्या टुर्नामेंटची तारीख विचारून घ्या.