यादी नसलेले वाचनालय

नागपूरच्या धरमपेठेतील ज्या खाजगी वाचनालयाविषयी मी लिहीत आहे, तेथे पुस्तकांची यादी नाही. संगणकात नाही, कार्डांवर नाही, वहीतही नाही. सुमारे चार हजार पुस्तकांचा ठावठिकाणा केवळ चालक असलेल्या काकूंच्या स्मरणात आहे आणि दुपारी एक ते पाच या वेळेत काकू घरी गेल्या की काउंटरवर बसणारा मुलगा प्रत्येक प्रश्नाला ‘काकू आल्यावर विचारा’ हे एकच उत्तर देतो. वाचनालयाचे नाव न छापण्याची विनंती काकूंनीच केली. जागा तेवढीच आहे, आणखी मंडळी आली तर बसतील कुठे, हा त्यांचा प्रश्न रास्त वाटल्याने मी ती मान्य केली.

व्यवहार सरळ आहे. अनामत ५०० रुपये, महिन्याची वर्गणी १५० रुपये, एका वेळी दोन पुस्तके आणि एक मासिक. पंधरा दिवसांनंतर रोज २ रुपये दंड पडतो आणि तो वसूल केला जातो. परीक्षेचे कारण सांगणाऱ्या विद्यार्थ्यांना तेवढी सूट मिळते. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी आहे.

पुस्तके लेखकाच्या आडनावानुसार लावलेली आहेत असे काकू सांगतात आणि आडनावाशी प्रामाणिक राहिलेल्या लेखकांपुरते ते खरेही आहे. अडचण टोपणनावांची आहे. कविता एका नावाने आणि नाटक दुसऱ्या नावाने लिहिण्याची मराठीतील परंपरा जुनी असल्यामुळे कुसुमाग्रजांच्या कविता ‘क’च्या फळीवर आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटके ‘श’च्या फळीवर, म्हणजे खोलीच्या दोन टोकांना, सापडतात. राम गणेश गडकऱ्यांनी कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोद बाळकराम या नावाने लिहिला, त्याची शिक्षा म्हणून त्यांना तीन ठिकाणी विभागून ठेवले आहे. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, ‘अ’मध्ये आहेत आणि त्यांच्या पत्नी कुसुमावती देशपांडे ‘द’मध्ये. नवराबायकोला निदान वाचनालयात तरी वेगळे करू नये, अशी तक्रार एका सदस्याने माझ्यासमोर केली तेव्हा काकू चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘मग सगळे देशपांडे एकत्र करते, बसा शोधत जी.’ ग्रेस यांच्याबाबत मात्र सर्व पक्ष समाधानी आहेत, कारण माणिक गोडघाटे म्हटले तरी आणि ग्रेस म्हटले तरी पुस्तक ‘ग’मध्येच असते. साहित्य अकादमीचा २०११ चा पुरस्कार मिळालेल्या या नागपूरकर कवीच्या वाट्याला येथे एवढेच एकमत आले आहे. त्यांची कविता आपल्याला पूर्ण समजली असे जो जाहीरपणे म्हणेल त्याने त्या दिवशीचा चहा सर्वांना पाजायचा, हा तेथील अलिखित नियम असून, माझ्या आठ महिन्यांच्या सदस्यत्वात तो चहा मी एकदाच प्यालो आहे.

पुस्तक सापडत नाही म्हणून माणूस शेजारच्याला विचारतो, शेजारचा ते पुस्तक न घेण्याची चार कारणे सांगतो, तिसरा त्यातले दुसरे कारण खोडून काढतो आणि पहिला बहुधा चौथेच पुस्तक घेऊन घरी जातो. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत हे इतक्या नियमाने घडते की त्यालाच मी या वाचनालयाची मुख्य सेवा समजतो. हा वाद ज्यांना नको असेल त्यांनी सकाळी दहाला जावे. तेव्हा काकूही असतात आणि शांतताही असते.

या वादाचे लिखित रूप म्हणजे मतवही. लाल कापडाच्या बांधणीची ही लांबट खतावणी काउंटरच्या टोकाला ठेवलेली असते आणि पुस्तक परत करताना तीत एक ओळ तरी लिहावी अशी अपेक्षा असते. खाली पुढच्याने उत्तर लिहावे अशी अपेक्षा नसते, पण तो लिहितोच. एका जाडजूड कादंबरीखाली कोणीतरी नोंदवले आहे, ‘पहिली शंभर पाने नुसता पाऊस आहे, छत्री घेऊन बसावे.’ त्याखाली वेगळ्या शाईत, ‘आम्ही पाऊस थांबेपर्यंत धीर धरला, पुढे पूर आला.’ एका आत्मचरित्राबद्दल, ‘लेखकाचे सर्व विरोधक वारल्यावर हे पुस्तक लिहिलेले दिसते’, आणि त्याखाली काकूंच्या अक्षरात, ‘एक अजून आहेत, आपले सदस्य आहेत, जपून लिहावे.’ रहस्यकथांच्या बाबतीत वही कडक आहे. पूर्वी एका सदस्याने बाराव्या पानाच्या समासात खुन्याचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवले होते. तो सापडला आणि त्याला त्या शनिवारी हजर असलेल्या सर्वांना तर्री-पोहे खिलवावे लागले. मला हे परीक्षण लिहिताना सर्वाधिक मोह या वहीतील नोंदी उतरवून काढण्याचा होत आहे, परंतु त्यांतील निम्मी गंमत हस्ताक्षरांत आहे आणि ती येथे आणता येत नाही.

पेन्सिलीचा विषय निघाला म्हणून सांगतो. एक निवृत्त शिक्षक, ज्यांना तेथे सगळे ‘सर’ म्हणतात, वाचताना छपाईच्या चुका दुरुस्त करतात. नव्या पुस्तकांत ती समाजसेवा ठरते, कारण हल्ली मुद्रितशोधन किती पुस्तकांचे होते याबद्दल मला शंकाच आहे. सरांनी मात्र जुन्या आवृत्त्याही सोडल्या नाहीत. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तें’ यांवरील उच्चारात नसलेले अनुस्वार त्यांनी पानोपानी खोडले आणि ‘कवि’ची वेलांटी दीर्घ केली, कारण शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे तसेच लिहावयाचे असते. एका संशोधक विद्यार्थिनीच्या हाती असे पुस्तक पडले. ती म्हणाली, ‘सर, तुम्ही चूक नाही, साल खोडून राहिले.’ त्यानंतरची वीस मिनिटे मी माझे पुस्तक बंद करून ऐकत होतो. नियम ज्या वर्षी झाले त्याच्या आधी छापलेल्या मजकुराला ते लावता येतात का, ही शंका खरे म्हणजे कायद्याच्या पुस्तकातील आहे, आणि निकाल तिच्या बाजूने लागला. आता सरांची पेन्सिल दोऱ्याने मतवहीला बांधलेली आहे आणि ते सदस्यांच्या अभिप्रायांतील ऱ्हस्वदीर्घ सुधारतात.

दुसरा वाद अजून मिटलेला नाही. बुटीबोरीला नोकरी करणारा एक तरुण कथा लिहितो आणि शनिवारी वाचून दाखवतो. त्याच्या कथेत पात्रेच नव्हे, तर निवेदकसुद्धा ‘ती खिडकीतून पाहून राहिली होती’ अशी भाषा वापरतो. संवादात चालेल, निवेदनात चालणार नाही, असे एका गटाचे म्हणणे. ‘मग निवेदक काय पुण्याहून बोलवायचा?’ हा तरुणाचा प्रश्न. माझे मत त्याच्या बाजूचे आहे. ‘पाहून राहिली’ यातील चालू असलेल्या क्रियेचा रेंगाळलेपणा ‘पाहत होती’ने भरून निघत नाही, आणि निवेदक जर त्याच मोहल्ल्यातील असेल तर त्याने घराबाहेर पडताना भाषा बदलण्याचे कारण नाही. कथा पडली ती वेगळ्या कारणाने. तिच्यातील आजी तिसऱ्याच परिच्छेदात वारते आणि उरलेल्या नऊ पानांत सर्वजण रडण्यावाचून काही करत नाहीत. हे सरांनी त्याला स्पष्टपणे सांगितले आणि नंतर त्याला गोकुळपेठेच्या बाजारापर्यंत सोबत केली.

आता उणिवा. मुलांचे कपाट केविलवाणे आहे. नव्या पुस्तकांची खरेदी वर्षातून दोनदा होते, त्यामुळे चर्चेतले पुस्तक हाती येईपर्यंत त्याची चर्चा संपलेली असते. खुर्च्या सहा आहेत, आणि त्यांतील चार नेहमीच्याच मंडळींच्या आहेत हे कोणी बोलून दाखवत नसले तरी नव्या माणसाला पाच मिनिटांत कळते. सर्वांत गंभीर बाब कूलरची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की कोरड्या हवेने जुन्या पुस्तकांच्या पाठीवरील सरस तडकतो आणि पाने सुटतात, हे नागपुरात समजण्यासारखे आहे. परंतु येथील कूलर थेट कवितांच्या कपाटावर वारा सोडतो, त्यामुळे एकीकडे तडकलेली तीच पुस्तके दुसरीकडे ओलाव्याने फुगतात, पुठ्ठे वाकतात, आणि पावसाळा लागला की तेथे कसर आयतीच पोसली जाते. मी घेतलेल्या एका संग्रहाची सोळा पाने हातात आली, ती क्रमाने लावून परत केली, तरी काकूंनी पाने मोजून घेतलीच.

यादीविषयी माझे मत तेथील बहुमताविरुद्ध आहे. यादी झाली तर माणसे एकमेकांना विचारणार नाहीत आणि सगळी मजा जाईल, असे नेहमीचे सदस्य म्हणतात. मला हवे असलेले एक प्रवासवर्णन चौथ्या फेरीत मिळाले, तेही चरित्रांच्या मागच्या रांगेत आडवे पडलेले, आणि त्या चार फेऱ्यांत मी तीन चांगली पुस्तके इतरांच्या सांगण्यावरून वाचली हे खरे असले, तरी चार हजार पुस्तके एका व्यक्तीच्या स्मरणावर सोपवणे मला पटत नाही. वाद घालणारी माणसे यादी समोर ठेवूनही वाद घालतील. संशोधक विद्यार्थिनीने सुट्टीत ‘अ’ ते ‘ङ’ एवढे काम करून देण्याची तयारी दाखवली आहे. काकूंनी अजून होकार दिलेला नाही.

गेल्या आठवड्यात मी वर्गणीचे नूतनीकरण केले. वर्षाची एकदम भरली तर एक महिना मोफत मिळतो, तरी सहाच महिन्यांची भरली, कारण कूलर अजून त्याच कपाटासमोर आहे.