सांगलीत घेतलेली मूत्रपिंडाची प्रतिकृती
बारावीच्या वर्गासाठी सांगलीतील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून मूत्रपिंडाचा उभा छेद दाखवणारी ही प्रतिकृती घेतली. बाहेरचा थर फिकट, आतले पिरॅमिड गडद आणि मूत्र गोळा करणारी नरसाळ्यासारखी पोकळी पिवळी असल्याने शेवटच्या बाकावरूनही भाग ओळखू येतात. महाधमनीतून आलेल्या वृक्क धमनीच्या (मूत्रपिंडाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या) शाखा दोन पिरॅमिडांच्या मधल्या जागेतून बाहेरच्या थराकडे जाऊन पिरॅमिडांच्या रुंद तळाशी कमानीसारख्या वळतात, हे आकृतीत सहसा न उमगणारे वळण येथे बोटाने गिरवता येते. हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्तापैकी सुमारे २० ते २५ टक्के रक्त या मुठीएवढ्या दोन अवयवांकडे जाते, हे मग मुलांना पटते. मात्र दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळणारे नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या (खरे काम त्यांचेच!), कुठेच दाखवलेले नाहीत, आणि शिरेचा निळा रंगही महिन्याभरात उडू लागला.