ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचे ब्रेक: साताऱ्यातलं एक गॅरेज

रेसिंगच्या ट्रॅकवर गाडी नेत असाल तर सातारा एमआयडीसीतल्या या छोट्या गॅरेजमध्ये ब्रेक दाखवाच. माझी पोलो कोइम्बतूरच्या करी स्पीडवे या रेस ट्रॅकवर जाते. तिथून आली की पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्कवर केसासारख्या चिरा दिसायच्या, पेडलही मऊ पडायचं.

मिस्त्रींनी चाकं काढली आणि जागा बदलून बदलून डिस्कची जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. तो तारेच्या ब्रशने घासून मला दाखवला. "साहेब, चीर कडेला पोचलीय. ही भंगारातच. लेथवर मारून द्या म्हणाल तर नाही देणार." गिऱ्हाइकाला असं तोंडावर सांगणारे कितीजण आहेत?

खरी कारागिरी ब्रेक गार करणाऱ्या हवेच्या पाइपात आहे. फॉगलॅम्पच्या जागेतून पाइप आत घेतला, पण तोंड डिस्कच्या एका बाजूवर रोखलं नाही. तसं केलं की एक बाजू गार, दुसरी तापलेली आणि चिरा आणखी लवकर. यांनी हवा डिस्कच्या मधोमध सोडली. व्हेंटिलेटेड, म्हणजे आतून पोकळ खाचा असलेली डिस्क फिरताना मधून हवा ओढते आणि कडेने फेकते, म्हणून दोन्ही बाजू सारख्या निवतात.

ब्रेक ऑइलही बदललं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की ती हमी १५५ वर येते. आता पेडल शेवटच्या लॅपपर्यंत कडक राहतं.

वेळ मात्र लागतो, एका वेळी एकच गाडी घेतात. आणि गाडी परत नेताना स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा, पाइप टायरला घासायला नको.