सबसिक्वेंटली म्हणजे 'परिणामी'? कोणी सांगितलं! (इंग्रजी शिकवणाऱ्या एका अ‍ॅपचा रिव्ह्यू)

सध्या इंग्रजी शब्द शिकवणारं एक अ‍ॅप वापरतेय, नाव मुद्दाम घेत नाही. त्यात आधी काय झालं, मग काय झालं हे सांगणाऱ्या शब्दांचा एक वेगळा धडा आहे, आणि मला बोलायचंय ते त्यातल्या सबसिक्वेंटलीच्या कार्डाबद्दल.

उच्चार एकदम झकास. जोर सुरुवातीच्या 'सब'वर द्यायचा हे नीट ऐकू येतं, ऑडिओ हळू करूनही ऐकता येतो.

पण अर्थ बघा, 'नंतर, परिणामी'. अरे बाबांनो, परिणामी म्हणजे कॉन्सिक्वेंटली! दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'मागोमाग येणे' या एकाच क्रियापदावरून आलेत, सीक्वेन्स आणि सीक्वेलसुद्धा त्याच खानदानातले, पण म्हणून काम एकच थोडीच आहे. 'शी मिस्ड द ट्रेन अँड कॉन्सिक्वेंटली लॉस्ट द जॉब' म्हटलं की गाडी चुकली म्हणून नोकरी गेली, आणि तिथेच सबसिक्वेंटली टाकलं की आधी गाडी चुकली आणि पुढे कधीतरी नोकरी गेली एवढंच, कशामुळे गेली ते वाक्य सांगतच नाही. आपण मराठी माणसं इथे हमखास घसरतो कारण आपलं 'तेव्हा' दोन्हीकडे चालतं ना, 'तेव्हा मी लहान होते' पण आणि 'उशीर झालाय, तेव्हा निघा आता' पण. म्हणजे जिथे जास्त समजवायला हवं तिथेच कार्डाने गोंधळ वाढवलाय.

दुसरी तक्रार क्विझबद्दल. 'सबसिक्वेंटली द मीटिंग, वी लेफ्ट' हे उत्तर चक्क बरोबर धरलं! मराठीत 'मीटिंगनंतर' आणि 'नंतर बघू' दोन्हीला एकच 'नंतर' पुरतो, इंग्रजीत तसं नाही, शब्दाच्या पुढे लगेच नाम येत असेल तर आफ्टर लागतो, 'आफ्टर द मीटिंग'. सबसिक्वेंटली एकटाच येतो, बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी नाहीतर वाक्याच्या सुरुवातीला. 'सबसिक्वेंट टू द मीटिंग' असं चालतं, पण ते फारच सरकारी वाटतं.

आणि हा शब्द कुठे वापरायचा याबद्दल अवाक्षर नाही. रिपोर्टात, बातमीत, बायोडेटात शोभतो, पण 'आय हॅड टी अँड सबसिक्वेंटली वॉश्ड द कप' म्हणजे कप धुतल्याचा पंचनामाच झाला की! बोलताना देन किंवा आफ्टरवर्ड्स पुरे. (आफ्टरवर्ड्समधला शेवटचा एस अमेरिकन लोक बऱ्याचदा गाळतात, अ‍ॅप दोन्ही स्पेलिंग मान्य करतं, हे मात्र आवडलं.)

इव्हेंच्युअलीला याच्या समानार्थी शब्दांत कोंबलंय तेही पटलं नाही, त्यात बऱ्याच वेळाने, सरतेशेवटी असा भाव असतो. देअरआफ्टर (म्हणजे 'त्यानंतर') तर यादीतच नाही.

तीन स्टार, त्यातले दोन नुसत्या ऑडिओचे. उच्चारासाठी खुशाल घ्या, अर्थासाठी शेजारी एक बरी डिक्शनरी उघडी ठेवा, आणि क्विझच्या मार्कांवर तर अजिबात जाऊ नका.