घरी बांधायच्या हाऊसबोटीसाठी मरीन प्लायवुड

लहान हाऊसबोटीच्या तळासाठी घेतलेल्या या मरीन प्लायवुडवर बीएस १०८८ या मरीन प्लायवुडसाठीच्या ब्रिटिश मानकाचा शिक्का आहे, आणि कापलेल्या कडा पाहिल्यावर तो सार्थ वाटतो. आतल्या थरांत कुठेही पोकळी नाही व फिनॉलिक या जलरोधक गोंदाची गडद रेघ सर्वत्र अखंड दिसते. स्वस्त प्लायवुड वाकवताना नेमके पोकळीपाशी मोडते, हे मात्र न कुरकुरता वळते. आठ बाय चार फुटांची शीट बोटीच्या लांबीला पुरत नसल्याने दोन शीट तिरकस सांध्याने जोडाव्या लागतात. १:८ या प्रमाणात ६ मिलिमीटर जाडीसाठी ४८ मिलिमीटर लांबीचा उतार लागतो, आणि तो रंध्याने काढताना थरांचे पट्टे सरळ उमटत गेले.

हे लाकूड कुजतच नाही, हा विक्रेत्यांचा लाडका दावा मात्र मान्य करता येत नाही. उकळत्या पाण्यात टिकतो तो गोंद, लाकूड नव्हे. लाकूड उघड्या कडांतून पाणी शोषतेच, त्यामुळे कडांना आणि स्क्रूच्या भोकांना इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारी राळ) पाजणे अटळ आहे, शिवाय इपॉक्सी उन्हाने खराब होत असल्याने त्यावर रंगही हवा. वरच्या खोलीच्या भिंतींसाठी एवढा खर्च अनाठायी आहे. तेथे जलरोधक गोंदाचे साधे, हलके प्लायवुड पुरते.