निकॉन डी३५०० : पावसाळ्यासकट वर्षभराच्या वापरानंतर

निकॉनचा डी३५०० हा डीएसएलआर (आरशातून लेन्समधलं दृश्य दाखवणारा, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा मी सेकंडहँड घेतला, तोही कंपनीने तो बनवणं बंद केल्यानंतर. सोबत १८-५५ एमएमची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स) आली आणि काही दिवसांनी ३५ एमएम एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) ही वेगळी लेन्स घेतली. आता वर्ष उलटून गेलं आहे. 'हौसेसाठी पहिला डीएसएलआर कोणता घेऊ?' असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठाम आहे : बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) साधी आणि वापरलेली घ्या, वाचलेले पैसे एका चांगल्या लेन्सला आणि एका हवाबंद डब्याला द्या. डब्याचं कारण पुढे येईलच. मी साताऱ्यात राहते, आमच्याकडे पावसाळा म्हणजे काय असतो ते इथल्या लोकांना सांगायला नको.

घेण्याआधी माझ्यासमोर चार नावं होती. कॅननचे १५००डी आणि २००डी मार्क टू, निकॉनचे डी५६०० आणि डी३५००. चारही २४ मेगापिक्सेलचे, त्यामुळे त्या आकड्यावरून निवड होणारच नव्हती. १५००डी सेकंदाला तीनच फ्रेम काढतो आणि त्याची बॅटरी कंपनीच्याच मापाने ५०० फोटोंची. डी३५०० सेकंदाला पाच फ्रेम काढतो आणि त्याच मापाने बॅटरी १५५० फोटोंची. डी५६०० मध्ये फिरणारा टच स्क्रीन आणि ३९ फोकस पॉइंट मिळतात, पण सेन्सरवरून येणाऱ्या चित्रात मला फरक दिसला नाही आणि किंमत मात्र बरीच वर. २००डी मार्क टू हा खरा तुल्यबळ. ज्यांना व्हिडिओ करायचा आहे किंवा स्क्रीनवर बघून पळत्या पोरांचे फोटो काढायचे आहेत, त्यांनी डोळे झाकून तोच घ्यावा. स्क्रीनवर बघून फोकस करण्यात तो डी३५०० पेक्षा कितीतरी वेगवान आहे. मला व्हिडिओत रस नाही, मला व्ह्यूफाइंडरला डोळा लावून फोटो काढायचे होते. म्हणून मी हलका, स्वस्त आणि बॅटरी जास्त टिकणारा पर्याय घेतला.

२०१८ साली आलेला हा कॅमेरा बॅटरी-कार्डासकट ४१५ ग्रॅमचा आहे. हातात घेतला की पहिलं जाणवतं ते पुढचं खोल ग्रिप. माझे हात लहान आहेत, तरी अजिंक्यतारा चढताना तो एका हातात धरून चालता येतो. बटणं जवळपास सगळी उजव्या अंगठ्याच्या टप्प्यात आहेत. डायल मात्र एकच, त्यामुळे मॅन्युअल मोडमध्ये ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) बदलायला शटरजवळचं अधिक-उण्याचं बटण दाबून डायल फिरवावी लागते. दोन-तीन आठवड्यांत बोटांना ते वळण पडतं. मी बहुतेक वेळ ए मोडवर असते : ॲपर्चर मी ठरवते, शटर कॅमेरा ठरवतो, आणि ऑटो आयएसओला (आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता) किमान शटरस्पीडची मर्यादा घालून ठेवली आहे. नवख्यांसाठी डायलवर 'गाइड' नावाचा मोडही आहे. 'पाणी मऊ दिसू दे', 'मागचं धूसर कर' असं निवडलं की कुठलं सेटिंग बदललं ते तो दाखवतो. सुरुवातीच्या महिन्यात त्यातून मी बरंच शिकले.

बॅटरीबद्दल एवढंच म्हणते की चार्जर घेऊन फिरणं मी सोडून दिलं आहे. व्ह्यूफाइंडरमधून बघायला वीज जवळजवळ लागतच नाही, आरशातून खरा उजेडच डोळ्यापर्यंत येतो. आजच्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या काळातही मला डीएसएलआर घ्यावासा वाटला, त्याचं अर्धं कारण हेच. उरलेलं अर्धं कारण शिकण्याचं आहे. इथे एक्सपोजर (फोटो किती उजळ येणार ते) आधी डोळ्याला दिसत नाही, ते अंदाजाने ठरवावं लागतं आणि नंतर हिस्टोग्रामवर (उजेड-अंधाराच्या आलेखावर) पडताळावं लागतं. काळ्या दगडाचं देऊळ असेल तर कॅमेरा ते उगाच उजळ करणार, म्हणून उणे करायचं. धुक्याने भरलेलं पठार असेल तर तो ते करडं करणार, म्हणून अधिक करायचं. हा हिशेब डोक्यात बसला की उजेडाकडे बघण्याची सवयच बदलते. एक गोष्ट लक्षात ठेवा, व्ह्यूफाइंडर फ्रेमचा ९५ टक्के भागच दाखवतो. जो विजेचा खांब तुम्ही काठाबाहेर ठेवला म्हणता, तो फोटोत येऊ शकतो.

आता ३५ एमएमबद्दल. या सगळ्या खरेदीत मला सर्वाधिक आनंद कशाने दिला असेल तर या दोनशे ग्रॅमच्या लेन्सने. निकॉनने ती २००९ मध्ये या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी आणली. सेन्सर दीडपट लहान असल्यामुळे तिची नजर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या ५० एमएमसारखी पडते. किट लेन्स ३५ वर आणली तर तिचं ॲपर्चर एफ/४.५ च्या आसपास असतं. एफ/१.८ वर तिच्यापेक्षा साधारण सहापट उजेड आत येतो. कागदावर हा नुसता आकडा वाटेल, पण आजी देवघरात वाती वळत बसली आहे, बाहेर पाऊस, घरात एकच दिवा, अशा वेळी किट लेन्सने एक-पंधरांश सेकंदाला जो फोटो हलतो तो इथे त्याच आयएसओवर एक-नव्वदांशच्या आसपास मिळतो. हाताची लकब टिपली जाते, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या साबणासारख्या पुसल्या जात नाहीत. फ्लॅशची गरज पडत नाही आणि फ्लॅश नसला की माणसं सावध होत नाहीत. दिवे घाटात माउलींची पालखी चढत असताना किट लेन्सच हवी, कारण तिथे वळणावळणाचा सगळा घाट फ्रेममध्ये घ्यायचा असतो. पण मुक्कामी संध्याकाळी, राहुट्यांमध्ये, चुलीच्या उजेडात मी ३५ शिवाय दुसरं काही लावलं नाही. झूम नसल्यामुळे माणसांच्या जवळ जावं लागतं, बोलावं लागतं, आणि माझे फोटो सुधारले ते त्यामुळेच असं मला मनापासून वाटतं.

लेन्स घेताना एक तांत्रिक बाब नीट समजून घ्या, कारण सेकंडहँड बाजारात इथेच गल्लत होते. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. मोटर लेन्समध्ये असली तरच ऑटोफोकस चालतो, म्हणजे निकॉनच्या लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असायला हवं. ५० एमएम एफ/१.८ डी ही जुनी, स्वस्त आणि उत्तम लेन्स पुष्कळ ठिकाणी दिसते, पण या बॉडीवर ती हातानेच फोकस करावी लागते. उलट बाजूने, डी३१००, डी३२०० किंवा डी९० सारखी जुनी बॉडी घेतली तर नवीन एएफ-पी लेन्स तिच्यावर फोकसच करत नाहीत. कॅननमध्ये ही भानगड नाही, त्यांच्या ईएफ लेन्समध्ये मोटर आतच असते.

किट लेन्सला लोक उगाच नावं ठेवतात. ही एएफ-पी १८-५५ पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि ५५ वर साधारण सहा सेंटिमीटर रुंदीचा तुकडा पूर्ण फ्रेम भरतो. कास पठारावर भाद्रपदात तेरड्याचा गालिचा तर सगळेच टिपतात, पण गेंदाचे पांढरे गोंडे आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पुंजका मला या लेन्सनेच मिळाला, आणि तोही वाट न सोडता, फुलांत पाय न घालता, काठावर बसून. ठोसेघरला धबधब्यासाठी ५५ एमएम व्यासाचा पोलरायझर फिल्टर लावते. तो ओल्या पानांवरची चकाकी काढून टाकतो आणि हिरवा रंग खरा दिसतो, वर शटरही थोडा लांबतो. ट्रायपॉडवर ठेवताना व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करायचं असेल तर लेन्सवर त्याची कळ नाही, मेनूत जावं लागतं.

फोटो रॉमध्ये (सेन्सरची सगळी कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढा, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. दरीत काळोख आणि वर पांढरं आभाळ अशा दृश्यात मी आभाळाला धरून एक्सपोजर ठेवते आणि घरी सावली वर उचलते. आयएसओ १०० वर या सेन्सरमध्ये सावलीत इतका तपशील दडलेला असतो की पहिल्यांदा बघताना मी थक्क झाले. आयएसओ ३२०० बिनधास्त वापरते, ६४०० वेळ पडली तर.

पक्ष्यांसाठी मात्र मर्यादा स्पष्ट दिसतात. उजनीच्या पाणलोटात भिगवणला हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, तेव्हा एका मैत्रिणीकडून ७०-३०० एएफ-पी लेन्स मागून घेतली होती. ३०० वर ती ४५० सारखी नजर देते आणि वजन जेमतेम चारशे ग्रॅम, त्यामुळे होडीत बसून हातानेच काम होतं. बसलेले, चरणारे रोहित सुरेख आले. थवा उडाला की अकरा फोकस पॉइंट कमी पडू लागतात, त्यातला मधला एकच क्रॉस प्रकारचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा) आहे, आणि रॉमध्ये बोट दाबून धरलं की थोड्या फ्रेमनंतर बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत ठेवणारी तात्पुरती मेमरी) भरून कॅमेरा मंदावतो. मी मधला पॉइंट, एएफ-सी (हलत्या गोष्टीवर सतत फोकस) आणि एक-हजारांश सेकंद एवढं धरून चालले आणि छोट्या छोट्या टप्प्यांत फोटो काढले. काळसर पाण्यावर पांढरा पक्षी म्हणजे कॅमेरा फसणार, म्हणून एक्सपोजर उणे दोन-तृतीयांश. पक्षी हाच ज्यांचा मुख्य नाद असेल, त्यांनी डी७२०० सारखी वरच्या वर्गातली जुनी बॉडी बघावी.

आता तो डबा. लेन्समध्ये बुरशी धरणं हे आपल्याकडच्या कॅमेऱ्यांचं सर्वांत मोठं दुखणं आहे आणि दुकानात घेताना त्याबद्दल कोणी बोलत नाही. हवेतली आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली, त्यात अंधार आणि कोंडलेली हवा असली, की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू वाढतात. ते काचेवरचं कोटिंग खातात. साफ केले तरी डाग राहू शकतो. आषाढ-श्रावणात आमच्या भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते, तिथे कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवलेली लेन्स सुरक्षित कशी राहील? पिशवी तर ओल धरूनच ठेवते. मी रबरी कडा असलेला मोठा प्लॅस्टिकचा डबा घेतला, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. जेल नारंगी रंगाचं घ्या, ओलं झालं की हिरवं होतं आणि तापवलं की परत नारंगी. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, स्वयंपाकघराच्या आसपासही आणू नका. ज्यांना परवडतं त्यांनी विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्यावं. पण काहीही करा, पहिला पावसाळा येण्याआधी करा. संपूर्ण पावसाळा काढून माझ्या दोन्ही लेन्स टॉर्चखाली आरपार स्वच्छ दिसतात.

या बॉडीला पाण्यापासून संरक्षण नाही. रिमझिमीत मी प्लॅस्टिकची पिशवी रबर बँडने लेन्सच्या तोंडाला बांधते. एसी गाडीतून उतरल्यावर काचेवर वाफ धरते, म्हणून कॅमेरा थोडा वेळ बंद पिशवीतच ठेवायचा, बाहेरच्या हवेइतका उबदार झाला की मग काढायचा.

उरलेल्या उणिवा भराभर सांगते. स्क्रीन स्थिर आहे, टच नाही. वाय-फाय नाही, ब्लूटूथवरून मोबाइलवर छोटे फोटो येतात, मोठ्यांसाठी कार्ड रीडर घ्या. बाहेरचा माइक लावायला जागा नाही. सेन्सर स्वतःला झटकून घेत नाही, त्यामुळे धूळ बसली की मेनूतून आरसा वर करून ब्लोअरने हवा मारावी लागते. त्यासाठी बॅटरी पूर्ण भरलेली लागते. तोंडाने फुंकर कधीच मारू नका.

विकत घेताना काय तपासायचं ते नीट सांगते, कारण हा कॅमेरा आता वापरलेलाच मिळणार. मुंबईत फोर्टातला बोरा बाजार कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण कुठेही घेतलात तरी स्वतःचं कार्ड घेऊन जा आणि एक फोटो काढून घ्या. निकॉन प्रत्येक फोटोच्या आतल्या माहितीत शटर किती वेळा चाललं तो आकडा लिहून ठेवतो, एडिट न केलेल्या फाइलमधून तो वाचता येतो. दहा-पंधरा हजारांच्या आत असेल तर बॉडी हौशी माणसाचीच होती असं समजायला हरकत नाही. एफ/१६ वर पांढऱ्या कागदाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतील. झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढा, जळके पिक्सेल दिसतील. कार्डाच्या खाचेत वाकलेली पिन नाही ना, फ्लॅश उघडतो ना, हेही बघा. आणि लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून बघा, झूम असेल तर दोन्ही टोकांना. बुरशीचा एक तंतू जरी दिसला तरी ती लेन्स घेऊ नका, किंमत कितीही कमी केली तरी.

डीएसएलआरची वाट संपत आली आहे म्हणून लेन्सवरचे पैसे वाया जातील, ही भीती मला नाही. एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स एफटीझेड अडॅप्टर लावून निकॉनच्या नव्या झेड या मिररलेस कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससकट चालतात. त्यामुळे कासचा पुढचा हंगाम यायच्या आत ४० एमएम एफ/२.८ मायक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स शोधते आहे. ती एएफ-एस आहे, डी३५०० वर फोकस होते आणि सीतेचं आसू सेन्सरवर खऱ्या आकाराइतकं उतरवते.